बरणीत वाळवलेली मोटार

पोराचं जावळ काढलं त्या दिवशी जावईबापूंनी मोटार आणली असं आत्याबाई गल्लीभर सांगत सुटल्या, आणि बायका दारातनं वाकून बघायला लागल्या की मोटार उभी कुटं हाय. मोटार खोक्यात होती. जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे मालक, आमी सगळी त्यांना दाजी म्हणतो. ऱ्हायला मुंबईत, नोकरी बोटीवर, बोट जपानला लागली की तितनं कायबाय आणायचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. तर खोक्यावर लाल मोटारीचं असं चित्र होतं की आता अंगावरच येतीया. मी म्हणलं चला, पोराच्या नशिबानं खेळणं तरी बरं आलं. खोकं उघडलं तर आत मोटार न्हाईच. आत नुसते कंगवे. एक लाल कंगवा, एक काळा, एक चांदीच्या रंगाचा, आणि दातांच्या जागी बारकं बारकं कायतरी चिकटलेलं, त्यातलं हरभऱ्याच्या डाळीएवढं बी होतं.

आत्याबाई म्हणल्या, "जावईबापू, वाटंत मोडली व्हय?"

"मोडली नाही, आत्या. ही आपण जोडायची असते. खरी मोटार कशी जोडतात, अगदी तशी." आणि मग दाजी आमच्या मालकांकडं वळले. "जमलं तर बघा. अवघड आहे. आमच्या बोटीवरचे इंजिनियर थकले. नाहीच जमलं तर तशीच ठेवा, पुढच्या खेपेला मी देतो करून."

ह्या शेवटच्या बोलण्यानं आमच्या घराचं वाटोळं केलं. आमचे मालक मिलमधी फिटर. कुटला बी माग अडला की सायब मलाच बोलवतोय, असं ते सांगायचे, आणि मिल अजून चालू हाय म्हणजे खरंच असंल. घरातल्या स्टोव्हला पिन मात्र मीच घालायची. पण दाजींनी सगळ्यांसमोर असं म्हणल्यावर ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. खोकं काखेत मारलं आणि म्हणले, "तुमी पुढच्या खेपेला या तर. बोनेट उघडून दाखवतो."

मला भ्या वाटलं ते वेगळंच. पोरगं नुकतंच भिताडाला धरून चालायला लागलेलं, दात येत होते, दिसंल ते तोंडात. भिंतीची माती, कोळसा, आत्याबाईंच्या मिश्रीची डबी. आणि मी माहेरी मंगळवेढ्याला शेजारच्या पोराच्या गळ्यात चिंचोका अडकलेला बघितला होता. त्याला पाय धरून उलटं टांगलं, पाठीत बुक्क्या घातल्या, तवा चिंचोका पडला, पोरगं वाचलं, पण त्याचं ते निळं तोंड मला अजून दिसतंय. तवापासनं मी पोराच्या तोंडात दिवसातनं किती डाव बोट घालायची त्याला गणती न्हाय. आणि आता घरात चिंचोक्यापेक्षा बारक्या वस्तू, त्या बी परदेशी.

मी म्हणलं, "अवं, तुमी वर माळवदावर बसून करा की हे. पोरगं लई तोंडात घालतंय."

"माळवदावर वारं असतंय. एक वस्तू उडाली तर सोलापुरात मिळायची हाय व्हय? तू पोराला धर."

झालं, सुट्टीच्या दिवशी मधल्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर मालक, मालकांभोवती कंगवे. त्या दिवशी केर काढायचा न्हाय, पंखा लावायचा न्हाय, शिंकायचं बी न्हाय. मी पोराला कडंवर घेऊन उंबऱ्यात, पोळ्या आत्याबाईंच्या अंगावर. खोक्यात जोडायचा कागद होता, त्याच्यावरची अक्षरं म्हणजे कोंबडीनं पाय शाईत बुडवून नाच केल्यागत. मी सातवीपतोर शिकले, मला वाचता आलं न्हाय ह्यात नवल न्हाय, पण मालक कागद हातभर लांब धरून मान डोलवायचे.

"कळतंय का कायतरी?" आत्याबाई विचारायच्या.

"आय, मशीनची भाषा सगळीकडं एकच असती."

मशीनच्या भाषेत पयलं काम निघालं ते आत्याबाईंच्या अडकित्त्याचं. कंगव्यापासनं तुकडे तोडायला पकड मोठी पडली, कात्री वाकडी चालली, मग सुपारीचा अडकित्ता आणला. टक् करून दार तुटलं. टक् करून दुसरं दार तुटलं, त्याच्याबरोबर बिजागरी बी तुटली. मालक म्हणले, बिजागरी शोभेची असती. मग खोक्यातली चिकटवायची नळी काढली, तर ती बोटीवरनं येईतोवर वाळून खडा झालेली. डिंक लावला, धरलं न्हाय. शेवटी सायकलवाल्याकडनं पंक्चरचं सोल्युशन आणलं. त्यानं मात्र सगळं धरलं. चाकाला आस धरला, आसाला मालकांचं बोट धरलं, बोटाला कागद धरला. शेजारच्या अम्मा विड्या वळायच्या, त्यांनी विडीचा दोरा दिला, मग सीट सुटू नये म्हणून दोऱ्यानं आवळून ठेवली. सुटलीच. दुपार झाली तरी मोटारीची दोन सीटं आणि मालकांच्या चार शिव्या एवढंच तयार झालं होतं.

शिव्या मोटारीला न्हाईत बरं का. मोटार परदेशी, तिला कशा देणार. शिव्या मला. मी अंधार पाडला, मी हवा अडवली, पोरगं माझ्या कडंवर असून हुं हुं करतंय म्हणून त्यांचा हात हालला.

एका सुट्टीला स्टेअरिंगची भानगड निघाली. कागदावरच्या चित्रात स्टेअरिंग डाव्या अंगाला. मालक म्हणले हे चुकलंय. एसटीचा ड्रायव्हर उजव्या अंगाला बसतो, मिलच्या सायबाचा बी उजव्या अंगाला बसतो, जपानवाल्यांनी चित्र उलटं छापलंय. मी म्हणलं, "मोटार दुसऱ्या कुटल्या मुलखाची असंल, तिकडं तसंच असंल की." मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पोराचं नाक पुसायला लागले. मग दाभण चुलीत तापवून त्यांनी उजव्या अंगाला भोक पाडलं. भोक जरा मोठं झालं. त्यातनं स्टेअरिंगची दांडी आरपार जाऊन खाली रस्त्याला टेकायची. तवा ते म्हणले, स्टेअरिंग शेवटी लावू, आधी वरचं अंग वाळू दे. आणि स्टेअरिंग बशीत ठेवलं. खोबऱ्याच्या वाटीएवढ्या बशीत एवढंसं काळं चक्र, करंगळीच्या नखाएवढं, त्याच्यात तीन काड्या. मी ते बघून ठेवलं. भित्र्या माणसाची नजर लई पक्की असती.

दुसऱ्या दिवशी मालक पाळीला गेले. वैशाखाचं ऊन, माळवदावर आमच्या कुरडया वाळत होत्या. आत्याबाईंना वाटलं लेकाचं काम पुढं न्यावं. सोल्युशन वाळत न्हाय, चिकचिक ऱ्हातंय, असं तो म्हणतोय, मग सोलापुरात वाळवायला काय तोटा हाय. पण उघड्यावर ठेवलं तर कावळा न्हेईल. म्हणून त्यांनी लिंबाच्या लोणच्याची मोठी काचेची बरणी धुऊन पुसून घेतली, मोटारीचं लाल अंग आत ठेवलं, वर झाकण, झाकणावर फडकं, फडक्याला दोरी, आणि लोणचं ठेवतात तशी बरणी उन्हात, माळवदावरच्या पत्र्यावर. मला म्हणल्या, "संध्याकाळपतोर असं वाळंल की दगडावर आपटलं तरी फुटायचं न्हाय."

संध्याकाळी बरणी खाली आणली. मोटारीचा टप बसला होता. बसला म्हणजे तापल्या तव्यावर लोणी बसतंय तसा, मधोमध खड्डा, दारं बाहेरच्या अंगाला वाकलेली, जशी कुणी म्हातारी कमरंवर हात ठेवून उभी. आणि बरणी धुतली होती तरी वास लोणच्याचा.

मालक आले, बघितलं. आपल्या आयला काय बोलणार. चप्पल काढता काढता मला म्हणले, "तू काय करत होतीस?"

आत्याबाई म्हणल्या, "तिला कशाला बोलतूस? हलका माल हाय. आपल्या कुरडयांना काय झालं का बघ."

मालकांनी कपाळ धरून सतरंजी अंथरली, आणि बशी ओढली. बशीत स्टेअरिंग न्हवतं.

मग जी झडती सुरू झाली. मालकांनी सतरंजी झटकली, आत्याबाईंनी जात्याखाली केरसुणी घातली, अम्मांना बोलावलं, त्यांनी आपलं विड्यांचं सूप उपडं करून तंबाखूत बघितलं. सगळी जमिनीकडं बघत होती. मी पोराकडं बघत होते. पोरगं बशीच्या जागेपाशी बसलेलं, आणि तोंडातनं लाळ, आणि लाळंला काळसर रंग. मी बोट घातलं. तोंडात काय न्हवतं. हनुवटी वर केली, गळ्यात बघितलं, पोरगं रडलं, रडलं म्हणजे श्वास चाललाय, एवढं मला कळलं, आणि मी तितंच खाली बसले.

"गिळलंय," मी म्हणलं.

मालक म्हणले, "स्टेअरिंग?"

त्या वक्ताला मला कळलं की एकाच घरात दोन माणसांच्या दोन वस्तू हरवल्यात.

डॉक्टरकडं गेलो. पोरगं माझ्या खांद्यावर झोपलेलं, मी दर पावलाला त्याच्या नाकाखाली हात धरायची. डॉक्टरनं पोट दाबलं, गळा बघितला, म्हणाला, श्वास चांगलाय, खातंय, खेळतंय, येईल बाहेर. केळं द्या, भात द्या, आणि लंगोट बघत ऱ्हावा. उलटी झाली, पोट फुगलं, तर लगेच घेऊन या. येताना मालक रस्त्यानं मान खाली घालून चालले. मला वाटलं भ्याले. घराच्या वळणावर खाकरले आणि म्हणले, "तेवढं बघत ऱ्हा. आणि निघालं तर टाकून देऊ नगंस."

मी बोलले असते तर सगळ्या पेठेनं ऐकलं असतं.

मग ते दिवस कसे काढले ते माझं मला म्हाईत. पोरगं मजेत. त्याला रोज केळी, कधी जन्मात मिळाली न्हवती एवढी. आत्याबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, अम्मांनी कसलासा मंत्र म्हणून फुंकर घातली, तो तेलुगूत होता, मी म्हणलं असू दे, स्टेअरिंगला मराठी तरी कुटं येतंय. मी पोराचं पोट दाबून बघायची, मऊ हाय का, आणि प्रत्येक लंगोट परसात न्हेऊन काडीनं. शिंकलं की भ्या, उचकी लागली की भ्या, गप बसलं की तर लईच. भाकरी घशाखाली जायची न्हाय, मला वाटायचं मीच काय तरी गिळलंय. आणि मालक मिलमधनं आले की हातपाय धुवायच्या आधी दारातनं भुवई वर करून विचारायचे, आलं का. पाव्हणा विचारल्यागत.

आणि एका सकाळी आलं. परसात, काडीच्या टोकाला. काळं चक्र, तीन काड्या, एक बी मोडली न्हवती. जपानचा माल चांगला असतोय हे मला तवाच पटलं. मी ते धुतलं, राखंनं घासलं, परत धुतलं, आणि धुता धुता असं रडू आलं की आत्याबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काय भलतंच झालं. मी हात उघडून दाखवला. त्या बी खाली बसल्या, पदर तोंडाला लावून. दोघी परसात बसून रडतोय आणि मधीच हसतोय, आणि पोरगं कडंला उघडं उभं, केळं मागतंय.

मालक सुट्टीवर घरातच होते. आले, बघितलं, पोराच्या डोक्यावरनं हात फिरवला, व्हय, तेवढं केलं त्यांनी, आणि मग तोच हात माझ्यापुढं पसरला. "दे. दाजी ह्या आठवड्यात येत्यात."

"देणार न्हाय," मी म्हणलं.

लग्न झाल्यापासनं मी त्यांना असं कधी म्हणलं न्हवतं. त्यांनी आयकडं बघितलं. आत्याबाईंनी माझ्या मुठीतनं स्टेअरिंग घेतलं. मला वाटलं गेलं आता. त्यांनी पोराला पुढ्यात ओढलं, कमरंचा काळा करदोडा फिरवला, आणि स्टेअरिंग त्याच्यात ओवून विडीच्या दोऱ्यानं गच्च बांधलं, पाठीमागं, जितं त्याचा हात पोचणार न्हाय. म्हणल्या, "पोटातनं सुखरूप आलेली वस्तू हाय. ही आता त्याची राखण करंल. तुझ्या मोटारीची राखण कर तू."

"अगं आय, पण मोटार चालवायची कशी?"

"आता तरी कुटं चालतीया?"

दाजी आले. मोटार कोनाड्यात ठेवलेली, खाली क्रोशाचा रुमाल, टप बसलेला, दारं कमरंवर हात ठेवून उभी. दाजींनी चहा घेतला, वाकून बघितलं. "हा टप असा कसा?"

"नवं मॉडेल हाय," मालक म्हणले.

दाजींनी चष्मा पुसला, परत वाकले. "आणि स्टेअरिंग कुठंय?"

मालक छताकडं बघायला लागले. तेवढ्यात पोरगं आतनं दुडदुडत आलं, अंगात नुसतं झबलं, खाली काय न्हाय, दाजींना बघून गर्रकन फिरलं आणि माझ्या पदरात शिरलं. दाजींना त्याची पाठ दिसली. आणि पाठीवर, करदोड्याला, ते.

आत्याबाई पानाला चुना लावत होत्या, मान वर न करता म्हणल्या, "स्टेअरिंग ड्रायव्हरकडं हाय."

दाजी इतके हसले की चहाची बशी कलंडली. सगळं ऐकून घेतलं, परत हसले, डोळे पुसले, म्हणाले, "पुढच्या खेपेला विमान आणतो."

मी त्यांच्यापुढं कधी तोंड उघडत न्हवते. पण पोरगं पदरात होतं, त्याचं गरम पोट माझ्या हाताखाली हालत होतं, मऊ होतं.

"आणा की, दाजी," मी म्हणलं. "पण जोडून आणा."