उम्म अल क्वैनच्या खाडीतलं बदक

नीलेश गुप्तेला मर्चंट नेव्हीत जायचं होतं. मेडिकलमध्ये लाल-हिरवा रंग ओळखता आला नाही आणि एकोणिसाव्या वर्षीच तो विषय खलास झाला. पुढे तो शारजाला आला आणि हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीचं स्टोअर सांभाळू लागला. जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावर बसून पक्षी बघायची सवय तिथलीच. पुस्तकातले रंग त्याच्या उपयोगाचे नव्हते. तो चोच बघायचा, मान बघायचा, पक्षी पाण्यात किती बुडून बसतो ते बघायचा. वीस वर्षं हेच चाललं.

गेल्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी तो मुलीला, अस्मीला घेऊन पक्षी बघणाऱ्या ग्रुपबरोबर उम्म अल क्वैनच्या खाडीवर गेला. ऊन समोरून येत होतं. लांब पाण्यावर एक काळपट पक्षी तरंगत होता.

"कॉर्मोरंट," ग्रुप चालवणारी जुलेखा म्हणाली आणि वहीत लिहू लागली.

"नाही. पाणकावळा नाही हा, समुद्री बदक आहे. रेड-ब्रेस्टेड मर्गान्सर," नीलेश म्हणाला.

"नीलेशभाई, वो तो इधर मुश्किल से दिखता है. और इतनी धूप में रंग किसको दिखा?"

"रंग छोड़िए, चोंच देखिए. सुई जैसी पतली है."

अस्मी अवघडली. "बाबा, प्लीज, लेट इट गो."

"थांब गं. कॅमेरा तयार ठेव."

पक्ष्याने डोळ्यांपर्यंत डोकं पाण्यात घातलं, तसंच पुढे सरकत मासा शोधला आणि बुडी मारली. "बघ, कॉर्मोरंट सहसा असं डोकं बुडवून पोहत नाही," नीलेश म्हणाला. त्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. पक्षी वर आला. डोक्यामागचा विस्कटलेला तुरा ओला होऊन उभा राहिला होता. मग त्याने अंग उचलून पंख फडफडवले आणि पंखांवरचा पांढरा चौकोन लख्ख दिसला.

अस्मीने सात फोटो काढले. जुलेखाने ते मोठे करून पाहिले, वहीतली ओळ खोडली आणि नवी लिहिली.

"मादी है ना?"

"मादी या बच्चा. इतने दूर से पक्का नहीं बोलूँगा."

ती हसली. "अगले हफ्ते रास अल खैमा में पंछियों की गिनती है. टेलिस्कोप आप सँभालेंगे?"

"यल्ला, चलेंगे," नीलेश म्हणाला. अस्मीने त्याच्या हातातली दुर्बीण काढून घेतली आणि विचारलं, "ओके, व्हेअर डू आय लूक फर्स्ट?"