आवाज बदललाय का?

"खून कितना है, वैशाली?" भाटिया मॅडमनी विचारलं.

"दोन ठिकाणी. एकदा रस्त्यावर, एकदा हॉस्पिटलात. मिळून अर्धं मिनिटही नाही."

"और वो... वैसा कुछ?"

"वैसा कुछ नहीं, मॅडम."

"तो फिर सर्क्युलर निकाल दो."

भाटिया मॅडम आमच्या प्रिन्सिपल. नोएडातली शाळा नवी कोरी होती. ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल, कंप्युटर लॅब आणि काउन्सेलर अशी तीन आकर्षणं एकाच ओळीत छापली होती. पूल अजून खड्डा होता, लॅबमधले कंप्युटर खोक्यात होते. तिघांत तयार असलेली मी एकटीच. त्यामुळे ज्या कामाला मालक सापडत नसे, ते माझ्या टेबलावर येई.

हे काम तसंच आलं. सोशल सायन्सच्या तंवर सरांनी कुठल्या तरी फिल्म सोसायटीतून लढाईवरच्या एका डॉक्युमेंटरीची व्हिडिओ टेप मिळवली होती. एका परदेशातलं यादवी युद्ध, त्यामागचं राजकारण, आणि ते पेटलेलं असताना तिथे धंदा करत राहिलेल्या बाहेरच्या कंपन्या, असा विषय. देशाचं नाव मी लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत, कारण ते कुटुंब अजून दिल्लीतच राहतं. सरांना ती अकरावीच्या दोन्ही सेक्शनना दाखवायची होती. पालक घाबरतील म्हणून मी आधी बघून 'कंटेंट नोट' लिहायची असं ठरलं. कंटेंट नोट म्हणजे पालकांसाठी एक पान: फिल्ममध्ये काय दिसतं, काय ऐकू येतं, कुठल्या वयाला झेपेल. ते वाचून पालक कन्सेंट स्लिपवर सही करतात, किंवा मुलाला त्या दिवशी लायब्ररीत बसवा असं कळवतात.

मी टेप घरी नेली आणि रविवारी सकाळी वही घेऊन बसले. रक्त, प्रेतं, शिव्या, अंगावर येणारे आवाज, असे रकाने आखले. दृश्यं सेकंदाच्या हिशोबाने बघितली. मग आल्या मुलाखती. खुर्चीत बसून बोलणारी माणसं. त्यातल्या एकाचा चेहरा अंधारात ठेवला होता आणि आवाज यंत्राने जाड केला होता. ती मी ऐकली. पुढे अंधारातला दुसरा माणूस आला. बोलण्याने कुठे रक्त सांडतं, असं म्हणून मी फास्ट फॉरवर्ड दाबलं. व्हीसीआरवर फास्ट फॉरवर्ड केलं की चित्र पळतं, आवाज बंद होतो. सात मिनिटांचा माणूस पाऊण मिनिटात पळून गेला. मला शिकवलेलं सगळं मी त्या पाऊण मिनिटात विकून खाल्लं, हे तेव्हा कळलं नाही.

शनिवारी पालकांची मीटिंग झाली. ऐंशी मुलांचे मिळून अकरा पालक. नोटच्या प्रती वाटल्या, आणि प्रश्न सुरू झाले.

"मॅम, ये बोर्ड में आएगा?"

"नहीं."

"फिर क्यों दिखा रहे हैं?"

एका आईला त्यात भारताविरुद्ध काही नाही ना, ते हवं होतं. एक वडील म्हणाले, घरी केबलवर मुलगा याहून भयानक बघतो, त्याची नोट कोण काढतं? लोक हसले. मीही हसले.

मग शेवटच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात घडी घातलेली नोट. "रूथ साळवे का फादर," त्यांनी ओळख दिली. रूथला मी ओळखत होते. शाळेतली एकुलती एक मराठी मुलगी. मयूर विहारहून माझ्याच बसने यायची आणि कॉरिडॉरमध्ये मला गाठून अर्ध्या हिंदीत मराठी बोलायची.

"जिनके चेहरे अंधेरे में हैं," साळव्यांनी विचारलं, "उनकी आवाज़ बदली है?"

"जी, बदली है," मी म्हटलं. बिनदिक्कत.

"दोनों की?"

"दोनों की."

त्यांनी मान हलवली, तिथेच स्लिपवर सही केली आणि माझ्या हातात दिली. मला वाटलं, टेक्निकल माणूस दिसतोय, असल्या गोष्टींची हौस असेल.

मंगळवारी तिसऱ्या पिरियडला फिल्म लागली. हॉलचे पडदे ओढले. मी भिंतीशी उभी होते, तोंड पडद्याकडे नाही, मुलांकडे. माझं काम तेच: कोण मान फिरवतं, कोण रडवेलं होतं ते बघणं. रस्त्यावरचं रक्त आलं आणि गेलं. हॉस्पिटल गेलं. दोन मुलं कुजबुजली, एकीने ओढणी तोंडाशी धरली. सगळं नोटमध्ये लिहिल्याबरहुकूम चाललं होतं. मी स्वतःवर खूष होते.

मग माझ्या मागून, पडद्यातून, एक पुरुषी आवाज आला. स्वच्छ, न बदललेला. इंग्रजीत बोलत होता.

"वी हॅड ऑर्डर्स. म्हणजे, इन रायटिंग."

मी गर्रकन वळले. आपण मराठी माणसं कुठलीही भाषा बोलू, अडखळलो की 'म्हणजे' बाहेर पडतंच. हॉलमधल्या कुणाला तो शब्द कळला नसणार. खाकरल्यासारखा वाटला असेल. तो कळणारी माणसं तिथे दोनच होती. मला शनिवारचा प्रश्न आठवला. मी रूथकडे पाहिलं. ती ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि ते बघून मी जास्त घाबरले.

टेप थांबवावी का? मशीनपासून मी चार पावलांवर होते. थांबवली असती तर ऐंशी डोकी वळली असती, 'क्या हुआ मॅम' झालं असतं, आणि तंवर सरांना कारण द्यावं लागलं असतं. नाही थांबवली तर त्या मुलीला सगळं ऐकावं लागणार. मी हात बांधून उभी राहिले. बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही.

साळवे सांगत होते ते असं. रस्ता बांधणाऱ्या कंपनीचा कँप, ते त्याचे इन-चार्ज. जवळच्या गावात गोळीबार सुरू झाला तेव्हा दुपारी गावातली माणसं धावत कँपच्या गेटशी आली. बायका, मुलं, म्हातारे. आत फक्त स्टाफ, अशी कंपनीची लेखी ऑर्डर होती. त्यांनी गेटला कुलूप घालायला लावलं आणि वॉचमनने उघडू नये म्हणून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. दोन दिवस माणसं गेट वाजवत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी वाजायचं थांबलं.

"आय डिड नॉट गो टू सी व्हाय," आवाज म्हणाला. "आय न्यू व्हाय."

पडद्यावर अंधारातला माणूस क्षणभर, बाकी एवढा वेळ फक्त ते गेट होतं. लोखंडी, गंजलेलं, मागे रिकामं आभाळ. रक्ताचा थेंब नाही, प्रेत नाही. माझ्या वहीतले सगळे रकाने कोरे.

दिवे लागले. आता 'डिस्कशन' होतं. तंवर सर उत्साही माणूस. त्यांनी टाळी वाजवून विचारलं, "वो गेट वाला आदमी. आप होते तो कौन-कौन गेट खोलता? हाथ ऊपर."

सगळे हात वर गेले. मागून कुणी 'कायर' म्हणालं, कुणी 'मर्डरर' म्हणालं. सोळा वर्षांच्या मुलांचं धैर्य, त्याला काय लागतं. एक हात वर नव्हता.

"रूथ? तुम नहीं खोलती?"

ती उभी राहिली. "सर, अंदर कौन-कौन था, ये तो फिल्म में बताया ही नहीं."

"गुड पॉइंट," तंवर सर म्हणाले आणि तो फळ्यावर लिहायला वळले.

मी तिला पाणी प्यायला म्हणून बाहेर काढलं आणि माझ्या खोलीत नेलं. दार लावल्यावर म्हटलं, "रूथ, मला माफ कर. मला कळायला हवं होतं. तो आवाज..."

"आवाज नंतर आला, मॅम," ती म्हणाली. "मी गेट आधीच पहचानलं. आमच्या अल्बममध्ये आहे ते. मी त्याच्यासमोर ट्रायसिकलवर बसलेय. आईने आतून काढलाय फोटो."

मी खुर्चीवर बसले. मला वाटलं होतं तिला बाप कळला. तिला त्याहून जास्त कळलं होतं. ती स्वतः, दोन-अडीच वर्षांची, त्या कुलपाच्या आतल्या बाजूला होती.

साळव्यांचं ऑफिस नोएडातच, दहा मिनिटांवर. मी फोन केला. ते आले तेव्हा मी त्यांना आधी एकटं गाठलं, बाहेर जिन्यात. मराठीतच बोलले.

"साळवेसाहेब, तुमचा आवाज बदललेला नाही. मी ती मुलाखत ऐकलीच नव्हती. पुढे पळवली होती."

"तुम्ही 'दोनों की' म्हणालात, मॅडम."

"हो."

"आवाज बदलू म्हणाले होते ते लोक, पण पक्कं नाही. फिल्म मी कधी पाहिली नाही. हिंमत नव्हती. तुमचं सर्क्युलर आलं तेव्हा वाटलं, बरं झालं. तिने ते ऐकावं, पण परका माणूस म्हणून. मग घरी जेवताना विचारणार होतो, त्या माणसाबद्दल तुला काय वाटलं. त्यावरून ठरवणार होतो, सांगायचं की नाही. चौदा वर्षं हे कसं सांगायचं ते शोधत होतो मी. तुमच्यामुळे एक वाट दिसली होती."

ओरडले असते तर बरं झालं असतं. जीभ हासडून टाकावीशी वाटणं हा नुसता वाक्प्रचार नाही, हे मला त्या जिन्यात कळलं.

आत गेल्यावर ते रूथच्या समोरच्या खुर्चीत बसले. मी निघायला लागले तर रूथ म्हणाली, "मॅम, थांबा." म्हणून पुढचं मी ऐकलं.

"पप्पा, मी आणि आई आत होतो ना?"

"होतात."

"मग ते फिल्मवाल्यांना का नाही बोललात? सगळे तुम्हाला कायर म्हणत होते. मुझे इतना गुस्सा आया."

"आत बायको आणि लहान मुलगी आहे असं सांगितलं असतं," साळवे म्हणाले, "तर गेट तुझ्यामुळे बंद ठेवलं असा त्याचा अर्थ झाला असता. ते मी बंद केलं. किल्ली माझ्या खिशात होती, तुझ्या नाही."

रूथ रडली नाही. तिने विचारलं, "किती मुलं होती बाहेर?" त्यांनी सांगितलं. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. तिने तो तोंडातल्या तोंडात एकदा म्हटला, आणि मग दप्तर उचललं. "घरी जाऊ या," म्हणाली. दोघं गेटकडे गेले, एकमेकांपासून अंतर ठेवून.

महिनाभर ती वडिलांशी बोलली नाही. हे मला तिच्या आईने फोनवर सांगितलं. माझ्यावर त्या चिडलेल्या होत्या आणि त्यांचं बरोबर होतं. मी भाटिया मॅडमना झाला प्रकार सांगितला, नाव न घेता, आणि चूक माझी आहे असं लिहून दिलं. त्या म्हणाल्या, "अरे छोड़ो, खून तो था ही नहीं उसमें." मला त्या क्षणी त्यांचा राग आला, पण आठवडाभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. रूथ मात्र दर गुरुवारी माझ्या खोलीत येऊन बसायची. कधी बोलायची, कधी फक्त डबा खायची. माझ्याकडे का, असं मी एकदा विचारलं. "तुम्हाला शुरू से सांगावं नाही लागत," ती म्हणाली.

त्याच वर्षी दुसरी फिल्म आली, फाळणीवरची. दुधाने तोंड पोळलेली बाई मी. ती टेप दोनदा पूर्ण ऐकली. आणि कन्सेंट स्लिपमध्ये एक ओळ वाढवली: लढाई, दंगल, फाळणी यांतलं, मुलाला अजून न सांगितलेलं काही तुमच्या घरात आहे का? तपशील नको, फक्त हो किंवा नाही.

"ऐसा कौन लिखेगा, वैशाली?" भाटिया मॅडम म्हणाल्या.

स्लिपांचा गठ्ठा आला. भाटिया मॅडम त्या चाळत होत्या आणि मधेच चाळायच्या थांबल्या. 'हाँ', 'यस', 'हाँ जी'. माझा विश्वास बसेना. एकीने मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक अक्षरात पानभर लिहिलं होतं आणि खाली, कृपया फाडून टाका. ज्यांनी 'हो' लिहिलं त्यांची मला काळजी वाटली नाही. त्यांच्याशी बोलता येत होतं. ज्यांनी रकाना कोरा सोडला होता त्यांना मी एकेक करून फोन केले, आणि तेव्हापासून दर वेळी करते. रक्ताची सेकंदं अजूनही मोजते, कारण पालकांना ती हवी असतात. पण फिल्म कुणाला झेपेल हे नुसती फिल्म बघून कळत नाही, ते घरी विचारावं लागतं.

साळव्यांची स्लिप गठ्ठ्यात जवळजवळ तळाशी होती. सही त्यांची होती. वरचं उत्तर मात्र रूथच्या अक्षरात, इंग्रजी फॉर्मवर मराठीत लिहिलेलं: 'आता नाही.'