धोंड्याचं जेवण

अधिक महिना आला की आमच्याकडं जावयाला धोंडे खायला बोलावतात. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार आणि नंतर आहेर. थोरल्या बहिणीला आणि दाजींना आईचा फोन गेला. मला आला नाही.

कारण सरळ होतं. दिवाळीत मी आईला सांगून टाकलं होतं, की परभणीत माझ्यासोबत राहणारी, पूर्णा गावची मुलगी माझी नुसती मैत्रीण नाही. आमचं एकमेकींवर प्रेम आहे आणि मी कुठल्याच मुलाशी लग्न करणार नाही. आई तेव्हा भाकरी करत होती. तव्यावरची करपली तरी तिनं उलटली नाही. त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतंच उरलं.

ते महिने फार वाईट गेले. झोप लागायची नाही, घास उतरायचा नाही. आईचा राग यायचा आणि आठवणही तिचीच यायची. वडील गेल्यापासून मला माहेर म्हणजे आईच. शेवटी मीच फोन लावला.

"धोंड्याला आमी दोघी यायलोत. तिला दारातच उभी ठेवायची असली तर आत्ताच सांग. मग मीबी येत न्हाई, कधीच."

"लोक काय म्हणतील गं?"

"लोकाला काम काय दुसरं?"

तिनं फोन ठेवून दिला. आम्ही पेडगावला, आईकडं गेलोच.

आईनं आम्हाला नुसतं पाणी दिलं. दाजींच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, पाटावर बसवलं. आम्ही दोघी भिंतीकडेला. माझी ही एरवी लय बडबडी, पण तिथं अंग चोरून बसलेली. मला बघवेना. वाढणं सुरू झालं तशी ती उठली आणि मदत म्हणून तुपाचं भांडं उचललं.

आईनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. आता उठायचं आणि निघायचं, मी ठरवलं. चपला कुठं काढल्यात तेही आठवून ठेवलं.

"बस खाली," आई तिच्यावर खेकसली. "धोंड्याच्या दिवशी जावयानं वाढायचं नसतंय."

दाजींचा घास हातातच राहिला. आई मान खाली घालून तिच्या ताटात तूप वाढत होती, ती पुरे पुरे म्हणत होती तरी.