टिल्डाचा फोन

कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या आमच्या गावात अख्ख्या रस्त्याला टेलिफोनची एकच लाइन. घंटा कुणाच्याही नावाची वाजो, रिसीव्हर सगळ्याजणी उचलणार! शेजारची टिल्डा तर तो मानेत धरून, आघाडीवरच्या पोरांसाठी मोजे विणत, दिवसभर गावाचं ऐकायची. जितके कान लागतील तितका आवाज बारीक होतो, पण ऐकतंय कोण!

लढाई संपली आणि एका दुपारी टिल्डाची घंटा खणखणली. मी कणकेच्या हातानंच रिसीव्हर उचलला. तिचा नेल्स हॅलिफॅक्स बंदरातून बोलत होता!

"आई, बोटीतून उतरलो गं!"

"मोठ्यानं बोल रे, काही ऐकू येत नाही!" टिल्डा किंचाळली. "अगं चोंबड्यांनो, ठेवा की फोन! माझं पोर आलंय!"

कुणी हसलं, कुणी मुसमुसलं, आणि खटाखट सगळ्यांनी रिसीव्हर ठेवले. माझ्याच्यानं ठेववेना. नेल्सच्याच पलटणीतला माझा मुलगा कार्ल इटलीत मारला गेला होता.

"अजून कोण आहे गं?" टिल्डा ओरडली.

"मी, ऑगस्टा. ठेवते हं."



"तू नको ठेवूस," ती म्हणाली. "नेल्स, आणखी मोठ्यानं बोल. ऑगस्टाकाकू ऐकतेय."