कानामागची जट

"कातडी कुठे आहे ती आधी शोध, मग कात्रीला हात लाव." काकी असं म्हणायच्या आणि डोळे मिटायच्या. खरंच मिटायच्या. कुत्र्याच्या केसांत दोन बोटं घालून, गुंत्याच्या बुडाशी काहीतरी ऐकत असल्यासारख्या बसून राहायच्या. तुम्ही रत्नागिरीत लांब केसांचं छोटं कुत्रं पाळलं असेल, तर त्यांच्या पडवीत कधीतरी बसला असाल आणि कुत्र्यादेखत बोलणी खाल्ली असतील. "केसांची हौस तुमची नि खाज त्याची," हे त्या प्रत्येक मालकाला ऐकवायच्या.

गुरांच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर नोकरी केली होती. गाईम्हशी धरायच्या, जखमा धुवायच्या. निवृत्त झाल्यावर लोक असली मऊ कुत्री घेऊन दारात यायला लागले. त्यांचं टेबल म्हणजे जुनं शिवणयंत्र. वरचं यंत्र काढलेलं, त्यावर गोणपाट. कुत्र्याला वर बसवायचं आणि खाली पायाने रिकामी पायपट्टी हलवत राहायचं. त्या खडखडीने कुत्रं गुंगतं म्हणायच्या, आणि गुंगायचंही. फणी स्वतःच्याच अंबाड्यात खोचलेली असायची, ती घरभर शोधायच्या. शेवटी कुत्र्याला विचारायच्या, "साहेब, तुम्ही घेतलीत काय?"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती मात्र घाबरून.

माझं गाव इथून फार लांब, पार कर्नाटकच्या हद्दीजवळ. सातवीत असताना माझ्या मानेच्या वर केसांत जट धरली. आमच्याकडे ती देवीची मानतात. विंचरायची नाही, कापायची नाही, हळद-कुंकू वाहायचं. कापली तर घरातल्या कोणावर तरी येतं, असं आई सांगायची. वर्गात माझ्या शेजारी कोणी बसेना, मग मीच जायचं सोडलं. पुढे ओळखीतून इथे वहिनींच्या घरी कामाला लागले. वहिनींनी मला राहायला खोली दिली, ते जेवतील तेच जेवायला दिलं आणि डोक्यावरच्या ओढणीबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. अशा घरातून आपल्याला कोणी काढू नये, ही धास्ती मला सतत असायची. त्यामुळे त्यांचा टॉफी, मांजरापेक्षा जरासा मोठा पांढरा कुत्रा, मी फार जपायची.

जपता जपताच घोळ केला. श्रावणात त्याला फिरवून आणलं की पोट चिखलाने माखायचं. लादी खराब होऊ नये म्हणून मी त्याला रोज साबणाने धुवायची, टॉवेलने खसाखसा पुसायची. इथल्या हवेत कपडे वाळत नाहीत, ते केस कुठून वाळणार? एका कानामागे गाठ झाली. ती वाढत वाढत चपटी झाली, घोंगडीच्या तुकड्यासारखी. मी कात्री हातात घेतली आणि परत ठेवली. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता त्या गाठीला हळद लावली. वहिनींना वाटलं खरचटलंय, म्हणून मी औषध लावते आहे. आठवड्याभरात टॉफी मान वाकडी करून चालायला लागला, तेव्हा त्यांनी मला त्याला घेऊन काकींकडे पाठवलं.

काकींनी बोटं घातली, डोळे मिटले, मग उघडले. पिवळी झालेली बोटं नाकाशी नेली. हळद कोणी लावली, असं विचारलं. मी लावली म्हणाले. त्यांनी माझ्या ओढणीकडे एकदाच पाहिलं आणि पायपट्टी हलवायला लागल्या.

मला वाटलं होतं, आता गरम पाण्यात भिजवतील. तर पाणी घातलं की गुंता आणखी आवळतो, तूच रोज आवळलास, असं त्यांनी सुनावलं. गाठीवर मक्याचं पीठ भुरभुरलं. बुडाशी केस चिमटीत घट्ट धरले, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून एकेक पदर सोडवत आल्या. सुटेना तिथे कातडीला लागून फणी सरकवली आणि फणीच्या वरून कात्री चालवली. तीन दुपारी गेल्या. तिसऱ्या दिवशी शेवटचा तुकडा निघाला आणि खालची जागा दिसली. लाल, ओली, वास मारणारी. मी तोंड फिरवलं, तर त्यांनी मला दंडाला धरून जवळ ओढलं.

"बघ. त्याला सांगता येत नाही म्हणून गप्प होता."

मग फणी धूत, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "तुझी किती वर्षांची गो?"

"सात."

"दुखता?"

आमच्या घरी त्या जटेची पूजा झाली, नवस झाले, गावातल्या बायका पाया पडून गेल्या. दुखतं का, हे कोणी विचारलं नव्हतं. मी टॉफीच्या अंगावर डोकं ठेवून रडले.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी दर आठवड्याला टॉफीला घेऊन जायची आणि त्या टॉफीबद्दलच बोलायच्या. दिवाळीनंतर मीच म्हणाले, काकी, काढा.

"भीती वाटते?"

"वाटते."

"मग वाटू दे. डोकं खाली कर."

पाच दिवसांनी आईचा फोन आला. धाकट्या भावाला ताप होता, उतरत नव्हता. आईला मी जटेचं काहीच सांगितलं नव्हतं. तशीच काकींच्या दारात जाऊन उभी राहिले. असं काही नसतं, वेडी आहेस, असं त्या म्हणतील वाटलं होतं. त्यांनी फोन मागितला, आईला लावायला सांगितला.

"तुमच्या मुलीची जट मी काढली. तिनं नव्हे, मी. काय यायचं असेल ते माझ्यावर येऊ दे. तुम्ही पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, रक्त तपासा."

आई पलीकडून काय काय बोलत होती ते मला ऐकू येत होतं. काकी फोन कानाला लावून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. मधे एकदाही तोडलं नाही. भावाला मलेरिया निघाला. पंधरा दिवसांत तो शाळेत जायला लागला.

काकींना दम मी यायच्या आधीपासूनच होता. थंडीत तो वाढला. वहिनी मला दुपारी मोकळी सोडायच्या, मी जाऊन काकींच्या पायांना तेल लावायची. कुत्री येतच होती. त्या खाटेवरून सांगायच्या आणि मी फणी चालवायची. चुकलं की, "तुझं लक्ष कुठे आहे? साहेब बघतायत तुझ्याकडे." शिमग्याआधी पुतण्या त्यांना देवरूखला घेऊन गेला. चैत्रात त्या वारल्याचं वहिनींनी सांगितलं.

मी आईला कळवलं. आई म्हणाली, "बघ. स्वतःवर घेतलं होतं ना त्या बाईनं."

मी म्हणाले, आई, त्यांना दम होता, हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. आई म्हणाली, तुला काय कळतं त्यातलं.

खरं आहे, मी सातवीही पुरी केलेली नाही. अजून कधी कधी अंथरुणावर पडले की आईचं ते वाक्य येऊन छातीवर बसतं. पण काकींच्या त्या सुजलेल्या पायांना दोन महिने मीच तेल लावलं होतं. हृदय थकलं की पायांत पाणी उतरतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा पडायचा, आणि बोट उचललं तरी तो बराच वेळ भरून यायचा नाही.