आतड्यातला तरवा

सुगंधा परब चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पशुखाद्याच्या एका कंपनीत डुकराची पिल्लं सांभाळायची. शेजारणींना मात्र "लॅबमध्ये असते" एवढंच सांगायची. नवरा वारलेला, मुलगा दुबईला. घरात ती आणि सून दिशा.

पिल्लं आईपासून फार लवकर तोडलेली. दाणा पचायचा नाही, हगवण लागायची. त्यावर कंपनीने पाचक एन्झाइमची पावडर काढली होती. अर्ध्या पिल्लांना पावडर घातलेलं खाणं, अर्ध्यांना नुसतं. सुगंधाने बादलीत पळी घातली की सगळी जाळीशी गोळा होऊन चिरक्या आवाजात ओरडायची. पावडरवाली बघता बघता गुटगुटीत झाली. बाकीच्यांची पोटं खपाटीला गेलेली. ती सुगंधाची बोटंच लुचत बसायची.

एका सकाळी पिंजरे रिकामे दिसले.

"सर, पिल्लां खंय गेली?" तिने ट्रायल बघणाऱ्या सुबोध सरांना विचारलं.

"ट्रायल संपली, मावशी. आतडी तपासायला घेतली."

"बरी झाली ती पण?"

"ती तर हवीच. आत काय फरक पडला ते बाहेरून कसं कळणार?" सुबोध माणूस वाईट नव्हता; पण हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

लॅबमधल्या रुचिराने तिला हौसेने मायक्रोस्कोपपाशी बसवलं. "बघा, तुमची मेहनत!" पावडरवाल्या पिल्लाच्या आतड्यात बारीक बोटांसारखं काहीतरी दाट उभं होतं, गावी लावणीआधी भाताच्या रोपांचा तरवा उभा असतो तसं. दुसऱ्या काचेवर तोच तरवा गुरांनी खाल्ल्यागत खुरटलेला. सुगंधाने झटकन मान मागे घेतली. बोटं लुगड्याला पुसत राहिली.

तेव्हापासून तो आवाज तिच्या मागे लागला. घरी पेज ढवळायला घेतली, पळी पातेल्याला लागली, की ओट्याखालून ओरडा सुरू.

"दिशा, तुका ऐकाक येना नाय?"

"काय, आई?"

"पोरां. भुकेली आसत."

दिशाने वाकून पाहिलं. गॅसचा सिलिंडर आणि कांद्यांची टोपली. "आई, सोडा ना ते काम. काय हालत करून घेतलीय!"

सुगंधाने काम सोडलं नाही. नवी पिल्लं आली तेव्हा सुबोधने तिला काचसामान धुण्याचं काम देऊ केलं. "मग ह्यांका भरवतला कोण?" म्हणत तिने बादली उचलली. त्या ट्रायलच्या शेवटच्या दिवशी ती घरी गेली नाही. सुबोध सुई टोचत होता तेव्हा एकेक पिल्लू तिने मांडीवर धरलं.

आवाज काही थांबला नाही. मग म्हाळात पितरांना वाडी ठेवतात तशी ती रोज वाटीभर पेज ओट्याखाली सरकवू लागली. दिशा चिडायची, वाटी मोरीत ओतायची.

पुढे सुगंधा तापाने आडवी पडली. दुपारी दिशाच तिच्यासाठी पेज ढवळत होती. पळी पातेल्याला लागली आणि तिचा हात थबकला. ती जरा मागे सरली. मग एक वाटी भरून तिने ओट्याखाली ठेवली, आणि सासूला यातलं काही सांगितलं नाही.