चौकातली हाक

काल चौकात सिग्नलला माझ्या सायकलपुढे एक मुलगी तिच्या सायकलवर थांबली होती. तिच्या ओढणीचं टोक मागच्या चाकाच्या तारांना जवळजवळ टेकलं होतं. मला ते दिसत होतं, पण अनोळखी मुलीला ओढणीबद्दल सांगायचं तर माझ्यासारख्या पन्नाशीच्या माणसाला आधी शब्द जुळवावे लागतात. मी ‘माफ करा’पर्यंत पोचलो आणि सिग्नल सुटला. तेवढ्यात, इतका वेळ हॉर्नने आमचे कान किटवणारा रिक्षावाला ओरडला, “ओ ताई, ओढणी!” तिने मागे न बघता ओढणी ओढून कमरेला गाठ मारली आणि ती निघाली. तोही पुन्हा हॉर्नकडे वळला.

मला कुतूहल आहे ते याचंच. एरवी वीतभर वाट न सोडणारी आपली माणसं परक्याच्या चाकाकडे इतकं बारीक लक्ष कधी ठेवतात? हे ओरडणं त्यांना शिकवतं कोण? आभार ऐकायलाही कुणी थांबत नाही.

या विचारात पेडल मारत होतो, तोच कडेच्या भाजीवाल्या मावशी कडाडल्या, “ओ आजोबा, पँट!” पँटची मोरी चेनमध्ये शिरायच्या बेतात होती. मी ब्रेक दाबला, मोरी मोज्यात खोचली आणि ‘आजोबा’ तेवढं गिळलं.

घरी आल्यावर मोठ्या कौतुकाने हे सगळं बायकोला सांगितलं. ती दोरीवरचे कपडे काढत होती. त्यातला एक चिमटा माझ्या हातावर ठेवत म्हणाली, “पँटला चिमटा लावा म्हणून महिनाभर सांगतेय मी. उद्यापासून चौकात उभी राहून ओरडू का?”